मान हलवून चालणार नाही

अक्कांना मान हलवलेली चालत नसे. बेंगळुरूत अर्धं बोलणं मानेवर चालतं आणि इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या रसायनांच्या प्रयोगशाळेत तर एम.एस्सी. होऊन आलेले आम्ही सगळेच नंदीबैल. समजलं का, असं कुणी विचारलं की मान हलवायची आणि सुटायचं. अक्का मात्र तिथंच थांबायच्या. "मान राहू दे. तोंडानं सांग की, काय समजलं?" मग सुवर्णपदकवाल्यांचीही बोबडी वळायची. कुणी पुटपुटलं तर म्हणायच्या, "स्वल्प जोरात."

त्या आमच्या सेफ्टी ऑफिसर. मूळच्या निपाणीच्या, लग्न होऊन बेंगळुरूच्या शिवाजीनगरात आलेल्या. कन्नड आणि मराठी एकाच दमात बोलायच्या आणि तिकडच्या बायकांसारखं 'मी सांगतो, मी जातो' म्हणायच्या. नोकरी कंत्राटावरची, पण धोका दिसला तर कुणाचंही काम जागच्या जागी थांबवायचा अधिकार त्यांना होता. तो वापरताना त्यांनी कुणाचा हुद्दा पाहिल्याचं मला आठवत नाही.

नव्या मुलांना त्या एक खेळ खेळायला लावत. स्वतः साहेब व्हायच्या, खुर्चीत रेलायच्या आणि फर्मावायच्या की पाहुणे खोळंबलेत, चष्मा-हातमोजे राहू देत, काम उरका. आपण नकार द्यायचा. मी नाशिकहून नुकतीच आलेली, वक्तृत्वाची बक्षिसं गाठीशी. मी सॉरीपासून सुरुवात केली आणि नियम, कारणं, दाखले असं झकास भाषण ठोकलं. अक्कांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"तू 'नाही' म्हणालीच नाहीस," त्या म्हणाल्या. "आधी नाही म्हण, मग कारण दे. कारण आधी दिलंस की साहेब ते खोडत बसतोय."

मला राग आला, आणि तो अक्कांचा नव्हता. इतकी वर्षं शिकले, पण तोंडी परीक्षेला खाली मान घालून उभं राहण्यापलीकडे बोलणं म्हणून कुणी काही शिकवलंच नव्हतं.

मग एकदा खरेच पाहुणे यायचे ठरले. त्यांना एक प्रयोग करून दाखवायचा होता आणि तो फ्यूम हूडमध्ये, म्हणजे विषारी वाफा बाहेर ओढून नेणाऱ्या काचेच्या कपाटातच करावा लागे. अक्का रोज सकाळी त्याच्या तोंडाशी टिश्यूची पट्टी धरून बघत. पंखा नीट ओढत असला की पट्टी आत वळे. त्या दिवशी ती ढिम्म हलली नाही. अक्कांनी आम्हाला बाहेर काढलं आणि दाराला कुलूप लावलं.

आमचे मॅनेजर पुण्याचे. ते गोडीगुलाबीनं म्हणाले, आपण मराठी माणसं, आजचा दिवस सांभाळून घ्या, पंखा नंतर बदलू.

"मराठीतच सांगतो, सर. नाही," अक्का म्हणाल्या. "ती वाफ मुलांच्या छातीत जाईल."

पाहुणे कॉफी पिऊन, पडद्यावरची चित्रं बघून परत गेले. तोवर अक्का दाराशी स्टुलावर बसून होत्या. त्या तिथून हलल्या नाहीत याचा मला आजही अभिमान वाटतो.

महिनाअखेरीला त्यांचं कंत्राट संपत होतं. नवं द्यायला कंपनी तयार होती, फक्त त्यातून काम थांबवायचा अधिकार काढला होता. मुलांना शिकवा हवं तितकं, बाकी निर्णय आमच्यावर सोडा, असं मॅनेजरनी आमच्या देखत सांगितलं. अक्कांचे यजमान निवृत्त झालेले, मुलगा अजून शिकत होता. या नोकरीची त्यांना किती गरज आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं, मॅनेजरनाही.

"थांबवायचंच नसेल तर मी शिकवू काय, सर? गप्प बसायला?" अक्का म्हणाल्या आणि सही न करता उठल्या.

शेवटच्या दिवशी आम्ही केक आणला. अक्कांनी सुरी हातातही घेतली नाही. "केक कापला की हा निरोप समारंभ झाला," त्या म्हणाल्या. "मी जात नाही. मला काढलंय. कुणी विचारलं तर असंच सांगा." मग डबा पिशवीत टाकून त्या बसस्टॉपकडे चालू लागल्या. मी रडले, आणि रडताना चिडलेलीच होते.

परवा नवीन मुलांची तुकडी आली. मॅनेजर त्यांना माहिती देत होते. पूर्वीच्या सेफ्टी ऑफिसर घरगुती अडचणीमुळे सोडून गेल्या, असं ते ओघात बोलून गेले. माझी बढती मॅनेजरच्याच टेबलावर पडून आहे. मी उभी राहिले आणि म्हणाले, "त्यांना काढलं, सर." मग का काढलं तेही सांगितलं.

मागच्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं, "मग त्या पंख्याचं काय झालं?"

"अक्कांना काढलं आणि दुसऱ्याच आठवड्यात बदलला," मी म्हणाले. "त्यांना मात्र परत बोलावलं नाही."