दगडांचं रिंगण

चूक माझीच होती. गावाबाहेरच्या माळरानावर पक्ष्यांसाठी राखलेलं अभयारण्य आहे. तिथे मी दर रविवारी हौसेनं कामाला जातो. त्या सकाळी पायवाटेच्या कडेला दगड लावताना मला दगडांचं एक छोटं रिंगण दिसलं. कुणीतरी खेळून टाकून दिलं असेल, असं समजून मी तेच दगड उचलून वाटेला लावले. आतली टिटवीची अंडी मला दिसलीच नाहीत. ती खड्यांसारखीच असतात. कुणाचा पाय पडू नये म्हणून राखणदार चंद्राबाईंनी ते रिंगण रचलं होतं.

दुपारी सहलीची माणसं तिथून गेली आणि अंडी चिरडली.

टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती. चंद्राबाई खाली बसून कवचं वेचत होत्या. "कुना मुडद्यानं दगड हलवलं? सायेब, तुमी बगितलं का वो कुनाला?"

"नाही," मी म्हणालो.

आठवडाभर ते 'नाही' मला टोचत राहिलं. मदत करायला निघालेल्या माणसाला आधी पाहायला शिकावं लागतं, हे मला पन्नाशीत कळलं. दगड पुन्हा रचता येतील, पण राखायला आत आता काही नाही.

पुढच्या रविवारी चंद्राबाई दिसताच मी चपला काढून त्यांच्यासमोर उभा राहिलो.

"बाई, ते दगड मीच उचलले. वर तुमच्याशी खोटं बोललो. मला माफ करा."