खिशातला बोल्ट

रंगाच्या कारखान्यात थिनरच्या खोलीतली स्विचची पेटी तपासायला गेले, तर तिची पाटी हळदीकुंकवाने माखलेली. दसरा होऊन आठ दिवस झाले होते. मी अंगठ्याने कुंकू पुसलं, तशी षटकोनात कोरलेली खूण दिसली. पेटीत ठिणगी पडून भडका उडाला तरी तो आतच राहील, असं ती खूण सांगते. तिच्या भरवशावर आम्ही सगळे थिनरच्या त्या ठिणगीने पेटणाऱ्या वासात बिनघोर वावरतो.

मग सुकलेल्या झेंडूच्या माळेकडे लक्ष गेलं. तिचा दोरा झाकणाच्या एका रिकाम्या भोकात ओवला होता.

"इथला बोल्ट कुठाय?" मी आमच्या इलेक्ट्रिशियन साळुंखेकाकांना विचारलं.

"माळ बांधायला काढला होता, मॅडम. एकच तर आहे. बाकीचे सात घट्ट आहेत."

त्या एका भोकातून भडक्याला वाट होती, आणि पाटी मात्र शपथेवर सांगितल्यासारखी चकाकत होती. तेव्हापासून लिफ्टमधलं प्रमाणपत्र वाचतानाही जीव थाऱ्यावर राहत नाही. कोरणारा एकदाच कोरून जातो. खरं ठेवायचं काम रोजचं, आणि ते आपल्याकडे असतं.

काकांनी लाइन बंद केली आणि खिशात हात घातला. आठ दिवस तो बोल्ट किल्ल्यांबरोबर खुळखुळत त्यांच्या घरी जाऊन येत होता.