पाटी कोणाच्या नावावर

अंधेरीच्या एका वेबसाइटवाल्याने मला फसवलं, आणि तेही माझ्या आईच्या नावाने. काल कपाट आवरताना वेबसाइटचा पत्ता छापलेल्या माझ्या जुन्या व्हिजिटिंग कार्डांचा गठ्ठा सापडला, त्याला अजून मालवणी मसाल्याचा वास होता, आणि माझं डोकं पुन्हा तापलं. नाहूरच्या घरात मिरच्या भाजून, ठसका खात मी मसाल्याचा हा धंदा उभा केला आणि त्याला आईचं नाव दिलं. वेबसाइट करून घ्यायला त्याच्या ऑफिसात गेले, तर एसीच्या गारठ्यात तो मला शिकवायला लागला, "ताई, होस्टिंग म्हणजे भाड्याचा गाळा, आणि डोमेन म्हणजे साइटचा नाव-पत्ता, गाळ्यावरची पाटीच." घासाघीस केल्याशिवाय मी कोथिंबीरही घेत नाही. म्हटलं, "गाळ्याचं भाडं घे, पाटी फुकट दे." तो हसला. "तुमच्यापुढे हरलो ना, ताई! घ्या, दिली." मी जिंकल्याच्या तोऱ्यात घरी आले. दोन वर्षांनी साइट सारखी बंद पडायला लागली, म्हणून ती दुसरीकडे न्यायचं ठरवलं, तेव्हा तो थंडपणे म्हणाला, "गाळा खुशाल सोडा. पाटी माझ्या नावावर आहे. तुम्ही ती विकत कुठे घेतलीत?" आज त्या पत्त्यावर आईच्या नावाखाली भलत्याच कुणाचा तरी मसाला विकला जातो. फुकट मागितलं ही माझी चूक, कबूल. पण नोंदणी करताना मालकाच्या जागी स्वतःचं नाव कुणाला विचारून टाकलंस रे? माझ्यासमोर उभा राहा आणि सांग.