करंगळीला सोसेल इतपत

आनेस्तिस सिदेरिदिस तीन वर्षं गप्प बसला होता. थेस्सालोनीकीत माणूस तीन मिनिटं गप्प बसला तरी शेजारचा विचारतो, "काय रे, घरी सगळं ठीक ना?" त्यातून आनेस्तिस विद्यापीठात रसायनशास्त्राचा प्राध्यापक, म्हणजे बोलण्याचाच पगार घेणारा. पण कंपनी काढली त्या दिवशी फोतिसने त्याच्या तोंडाला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली.

फोतिस त्याचा कुंबारोस. फोतिसच्या लग्नात नवरानवरीच्या डोक्यावरचे मुकुट आनेस्तिसने बदलले होते आणि पुढे त्याच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या पाण्यातून उचललं तेही यानेच. हे नातं सख्ख्या भावापेक्षा घट्ट. भावाशी अबोला धरता येतो, कुंबारोसशी धरायची सोय नाही. फोतिस इस्पितळांना सुया, नळ्या, हातमोजे पुरवायचा. दुकान चांगलं चाललं होतं. ते विकून त्याने आपल्या कुंबारोसच्या डोक्यातल्या एका कल्पनेवर सगळं लावलं.

ती कल्पना इतकी लहान, की कुणाला दाखवायचीही पंचाईत. चरबीचे बुडबुडे, केसाच्या टोकावर हजारांनी मावतील एवढाले. त्यांच्या पोटात कर्करोगाचं औषध. बुडबुडा रक्तातून निघाला की वाटेत कुणाच्या खोड्या काढत नाही. गाठीपाशी पोचतो आणि तिथेच उघडतो. आनेस्तिसचे वडील किरियाकोस यांना जे औषध मिळालं ते इतकं शहाणं नव्हतं. त्याने आधी केस नेले, मग जिभेची चव, आणि सगळ्यात शेवटी किरियाकोसना. जायच्या आधी काही दिवस आईने, पार्थेनाने, लावलेलं दही त्यांनी तोंडातून परत काढलं आणि ओशाळून म्हणाले, "पार्थेना, लोखंड लागतंय गं." नवरा गेल्याचं तिने सोसलं. ते लोखंड मात्र तिच्या घशाखाली कधी उतरलं नाही.

असे बुडबुडे जगात अनेकांनी केले होते. पण औषध भरताना ते फुटायचे. न फोडता भरायची युक्ती सापडली ती आनेस्तिसला, आणि तेव्हापासून फोतिसचा पहारा सुरू झाला.

"पेटंटचा अर्ज जाईपर्यंत अवाक्षर नाही," तो बजावायचा. "चारचौघांत एक वाक्य बोललास की संपलं. मग ती वस्तू तुझी नाही, गावची. आपल्याकडचा कायदाच तसा आहे."

"अरे, पण अर्ज देऊन टाकू या ना!"

"तूच म्हणतोस ना, अजून एक प्रयोग राहिलाय?"

हा 'अजून एक प्रयोग' शास्त्रज्ञ लोकांचा कधी संपत नाही. संपला तर ते व्यापारी होतात. तेव्हा आनेस्तिस गप्प राहिला. लिस्बनचं आमंत्रण नाकारलं, विद्यार्थ्यांच्या तोंडाला टाचणी लावली. व्हिएन्नाच्या परिषदेत एका जपानी माणसाने फारच खोदून विचारलं, तर याने त्याला पाओक या आपल्या फुटबॉल संघाच्या बचावफळीत काय बिघडलंय ते पाऊण तास समजावलं. त्या सद्गृहस्थाने ते लिहूनही घेतलं म्हणतात.

आणि मग ऑगस्टात तो गावी गेला.

किलकीसच्या पुढचं आग्रियोनेरी. काळ्या समुद्राकाठच्या पोंतोसहून हाकलून दिलेल्या लोकांनी वसवलेलं गाव. म्हशी आणि हेवेदावे दोन्ही तिकडून बरोबर आणलेले. पार्थेना अंगणात शेंगा मोडत बसली होती.

"शेजारच्या सोफियाचा मुलगा लोकांना नवे गुडघे बसवतो," ती म्हणाली. "लोक चालत येतात आणि दाखवतात. तुझं मी काय दाखवू?"

"औषध बनवतो म्हणून सांग."

"म्हणजे दुकान आहे?"

"दुकान नाही."

"मग डॉक्टर आहेस?"

"तसा नाही."

"मग पाखरा, तू आहेस तरी कोण?"

हा प्रश्न आनेस्तिसला विद्यापीठाच्या कुलगुरूंनीही कधी इतका नेमका विचारला नव्हता.

पानायियाच्या, म्हणजे मेरीमातेच्या, जत्रेला गावच्या मंडळाची जुनी रीत होती: शहरात गेलेल्यांपैकी एकाने सभागृहात उभं राहून गावाला आपलं काम सांगायचं. मंडळाचा अध्यक्ष प्रोद्रोमोस. कॉफीचं दुकान त्याचंच, त्यामुळे अध्यक्षपदाला विरोधक मिळत नसे. कॉफी कुठे पिणार? त्याने यंदा आनेस्तिसचं नाव पुकारलं. पार्थेना काळा रुमाल बांधून पहिल्या रांगेत येऊन बसली, परीक्षा घ्यायला बसावं तशी.

तीन वर्षं जे परिषदांना सांगितलं नाही, ते आनेस्तिसने त्या दिवशी फळ्यावर काढलं. कुलपाची त्याला आठवणच झाली नाही असं नव्हे. पण कुलूप बाहेरच्या लोकांसाठी. समोर त्याला न्हाऊमाखू घातलेल्या बायका, त्याच्या थोबाडीत दिलेले म्हातारे. स्वतःच्या अंगणात माणूस चारचौघांत असतो का?

"म्हणजे डबा आधी करायचा आणि सारण मागून भरायचं?" पार्थेनाने मध्येच विचारलं.

"हो, आई."

"मग डबा फुटत नाही?"

"सगळ्यांचा फुटतो. आमचा नाही."

"का नाही?"

"उकळत असताना भरत नाही आम्ही. आणि पार गार झाल्यावरही नाही. निवत असताना मधेच एक वेळ येते, तेव्हा भरतो."

"असे हातवारे करू नकोस. किती गरम असतं तेव्हा?"

सभागृह खदखदलं. आनेस्तिसही हसला. "बेचाळीस अंश."

"तुझे अंश माझ्या ओळखीचे नाहीत."

"करंगळी बुडवलीस तर चटका जाणवतो, पण काढून घ्यावीशी वाटत नाही. इतपत."

पार्थेना उठून मागे वळली आणि गावाला म्हणाली, "अगं बायांनो, विरजण! माझा मुलगा विरजण लावतो!"

काय टाळ्या पडल्या! आयुष्यातलं त्याचं सर्वांत चांगलं व्याख्यान ते. एकाही माणसाला झोप लागली नाही. प्राध्यापकाच्या आयुष्यात असे दिवस फार नसतात. प्रोद्रोमोसने सगळं मोबाइलवर टिपलं आणि 'आमच्या गावचा सुपुत्र' म्हणून इंटरनेटवर मंडळाच्या पानावर चढवलं.

ऑक्टोबरात अर्ज गेला. फेब्रुवारीत पार्थेना झोपेतच गेली. चुलीशेजारी तिने घोंगडीत गुंडाळून ठेवलेलं भांडं होतं. आनेस्तिसने उघडून पाहिलं. दही छान लागलं होतं.

जूनमध्ये बाझेलची एक मोठी औषध कंपनी करार करायला तयार झाली. औषध त्यांनी घ्यायचं, माणसांवर चाचण्या त्यांनी करायच्या. असल्या चाचण्यांचा खर्च झेपायला त्यांच्याच खिशाएवढा खिसा लागतो. सही करण्याआधी त्यांच्या वकीलबाई, फोल्मर नावाच्या, शहराबाहेर थेर्मीला, फोतिस-आनेस्तिसच्या कंपनीच्या तीन खोल्यांत आल्या. फोतिसने नवा शर्ट घातला होता. टेबलावर खायला गोड, खुसखुशीत बुगात्सा मांडलेला.

बाईंनी त्याला हात लावला नाही. संगणक उघडून त्या म्हणाल्या, "एक गोष्ट सापडली आहे," आणि बटण दाबलं.

खोलीत पार्थेनाचा आवाज आला. "म्हणजे डबा आधी करायचा आणि सारण मागून भरायचं?"

चार महिन्यांनी आईचा आवाज ऐकून आनेस्तिसच्या तोंडावर हसू पसरलं. फोतिस पडद्याकडे नव्हे, त्याच्या तोंडाकडे बघत होता. कुंबारोस हसतोय म्हणजे काहीतरी चांगलंच असणार, असं क्षणभर त्यालाही वाटलं. मग बेचाळीस अंश आले, आणि बाईंनी तिथेच थांबवलं.

"अर्जाच्या दोन महिने आधीचं आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. म्हातारा घोडा तपासून झालेला पशुवैद्य बोलतो तसं त्या बोलत होत्या. "हा आकडा ढोबळ म्हणून सांगितला असेल, तर मला काही मांडता येईल. खात्री नाही देत. तुम्ही बोलून घ्या, मी कॉफी घेऊन येते."

दोघे जिन्यापाशी आले. फोतिसने आधी प्रोद्रोमोसला फोन लावला. "उडव ते. आत्ताच्या आत्ता. कारण विचारू नकोस, उडव!" आणि फोन ठेवून आनेस्तिसकडे वळला.

"व्हिएन्नात जपान्याला फुटबॉल शिकवलास आणि म्हातारीला फॉर्म्युला?"

"तिने विचारलं, फोतिस."

"माझ्या आईने विचारलं तर मी घराची किल्लीही देतो. दुकानाची देत नाही!" मग आवाज उतरला. "ऐक, कुंबारे. तू तिची समजूत घालत होतास. तोंडाला येईल तो आकडा ठोकून दिलास. एवढंच म्हण. बाईंना एक वाक्य हवंय."

"अर्जातही बेचाळीसच आहे."

"योगायोग म्हण! जगात योगायोग नसतात? मी तुला भेटलो तो काय होता?"

फोतिसने आनेस्तिसची कॉलर नीट केली आणि नवरदेवाला न्यावं तसं दंडाला धरून त्याला आत नेलं.

बाईंनी विचारलं, "आईंना सांगितलंत ते खरं होतं, की समजावण्यापुरतं सोपं केलेलं?"

आनेस्तिसने टेबलावरच्या बंद पडद्याकडे बघितलं. पार्थेना तिथे कुठेतरी उभी होती, अर्धी वळलेली, विरजण म्हणायच्या बेतात.

"सोपं केलं होतं," तो म्हणाला. "पण खरं होतं. सिगारेटींबद्दल मी तिला आयुष्यभर थापा मारल्या. ही थाप नव्हती."

बाईंनी संगणक मिटला. दाराशी थांबून त्या म्हणाल्या, "प्राध्यापक, ह्या कामाचे सगळे कागद मी वाचलेत. काम कळलं ते मात्र तुमच्या आईंच्या प्रश्नांमुळे." सांत्वन म्हणूनच म्हणाल्या असणार. फोतिसला त्या क्षणी सांत्वनाचा फार राग आला.

बाझेलकरांनी अतिशय नम्र भाषेत अंग काढून घेतलं. नंतर आणखी दोघे-तिघे आले, त्यांच्याही कानी त्या चित्रफितीची गोष्ट गेली आणि तेही तितकेच नम्र निघाले. आता ही युक्ती जगात कुणीही फुकट वापरावी. आणि कुणीही वापरू शकतो म्हणूनच कुणी वापरीना. उद्या शेजारी तेच विकणार असेल तर चाचण्यांवर पैसे कोण ओतणार? गावच्या सामाईक विहिरीचा गाळ कोण काढतो, तसलाच प्रकार. खोल्या रिकाम्या झाल्या. फोतिस दुसऱ्याच्या दुकानात हातमोजे विकायला लागला, तेही स्वतःच्याच जुन्या गिऱ्हाइकांना. आणि कुंबारोसमध्ये ज्याची सोय नसते, तो अबोला आला.

फेब्रुवारीत पार्थेनाचं वर्षश्राद्ध. फोतिस आला. देवळात मागच्या खांबापाशी उभा राहिला आणि नंतर सगळ्यांबरोबर प्रोद्रोमोसच्या दुकानात येऊन दुसऱ्या टेबलावर बसला. माणसं कोलिवाच्या पुड्यांतले गोड गहू चघळत गेलेल्या बाईच्या गोष्टी सांगत होती. दह्याची गोष्ट निघालीच.

"प्रोद्रोमोस," आनेस्तिस म्हणाला, "ती फीत जरा लाव ना. माझ्याकडे तिचा आवाज कुठेच नाहीये."

प्रोद्रोमोस गडबडला. "ती? ती तर मी तेव्हाच उडवली. फोतिसने फोन केला नव्हता का? मोबाइलमधूनही काढली. म्हटलं, पोराचं नुकसान होतंय." मग घाईघाईने, "तुझ्या भल्यासाठीच रे!"

दुसऱ्या टेबलावरचा कप बशीवर वाजला.

"बरं केलंस," आनेस्तिस म्हणाला आणि पुडीतले उरलेले दाणे तळहातावर घेऊन बराच वेळ निवडत राहिला. त्यात निवडण्यासारखं काही नव्हतं.

फोतिस बाहेर गेला. थंडीत गाडीला टेकून त्याने फोल्मरबाईंना फोन लावला. त्याचं इंग्रजी हातमोजे विकण्यापुरतं. त्यात 'आई' होतं, 'कृपा करून' होतं; बाकी सगळं त्याने ग्रीकमध्येच ओरडून सांगितलं. बाईंना काय कळलं कोण जाणे. पण पुढच्या महिन्यात फीत आली.

ती घेऊन तो आनेस्तिसच्या घरी गेला. दार उघडल्यावर नमस्कार-चमत्कार काहीच नाही. "संगणक कुठाय तुझा?"

खाली लाल अक्षरांत 'पुरावा ४' असा शिक्का, बरोबर पार्थेनाच्या छातीवर. त्याच्याखाली जर्मन भाषांतर. पार्थेना मागे वळून विरजण म्हणाली, तिथे कंसात काहीतरी होतं. आनेस्तिसला तेवढं जर्मन येत होतं.

"काय लिहिलंय?" फोतिसने विचारलं.

"स्थानिक बोली. अर्थ अस्पष्ट."

फोतिस हसला. नऊ महिन्यांनी पहिल्यांदा, आणि मनाविरुद्ध. बाईंनी जिथे थांबवलं होतं ती जागा केव्हाच मागे पडली होती. टाळ्या ओसरल्या. पार्थेना खाली बसली, रुमाल सारखा केला आणि गावाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, पण प्रोद्रोमोसच्या मोबाइलला ऐकू जाईल अशा, तिने विचारलं:

"आणि हे घेतल्यावर तोंडाला लोखंड नाही ना लागत?"

फळ्यापाशी खडू हातात घेऊन उभा असलेला आनेस्तिस म्हणाला, "नाही लागणार, आई."

"मग लवकर कर, पाखरा."

फीत संपली. फोतिस पडद्याकडेच बघत बसला होता. "हे मी ऐकलंच नव्हतं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "मागे घे जरा."