न फुंकता कोल्हापूरपर्यंत

हुपरीच्या बयाबाईनं जन्मभर चांदीच्या पैंजणांना डाग दिले, म्हणजे सांधे वितळवून जोडले. फुंकणीनं बत्तीची ज्योत जोडावर वळवायची, ती दम धरून. त्यातनंच तिला एक उमगलं होतं. छातीत धडधड उधळली की मूठ तोंडाला लावायची अन् श्वास कोंडून जोरात फुंकायचं. धडधड बसायची. हा रोग तिच्या माहेरचाच. भाऊ जोतीराम त्यातच बसल्या जागी गेला. पुढं लेकीला, चिमणालाही तेच लागलं, तेव्हा आईनं तिला फुंकायला शिकवलं. दुसरं काय देणार बिचारी?

पण झालं काय, एस.टी.नं कोल्हापूर गाठेस्तोवर चिमणा सवयीनं फुंकून मोकळी व्हायची. दवाखान्यात काढलेली काळजाच्या ठोक्यांची कागदी पट्टी साफ यायची. डॉक्टर म्हणायचे, मनाचं आहे. सासरच्यांनी ढोंगी म्हणून माहेरी धाडली. बयाबाईही एकदा संशयानं चिडून बोलून गेली, "मला न्हाय बाई धडधड होत एवढ्या वेळा."

शेवटी डॉक्टरांनीच सांगितलं, "धडधड चालू असतानाच आणा. पट्टीत सापडली तर मुंबईला पाठवतो. मांडीच्या शिरेतून तार काळजात घालून धडधड उठवणारी जादा वाट जाळतात. नवीन आहे, धोकाही आहे."

बुधवारी कामावरच चिमणाची धडधड सुरू झाली. बयाबाईनं तिला एस.टी.त घातलं नि दोन्ही हात धरून ठेवले.

"फुंकू नगंस."

पोरीच्या गळ्याची शीर थडथड उडत होती. ओठ काळेनिळे पडायला लागले. जोतीरामचेही असेच पडले होते. पोर दगावली तर मीच मारली म्हणायची. सासर असो की मुंबई, कुठलंच काही नको, पोर जगू दे. तिनं हात सोडले.

"फुंक बाई. मरू दे ती पट्टी."

चिमणानं मान हलवली. "न्हाय आये. एवढं आलोय की."

दवाखान्यात तारा लावल्या. सुई कागदावर नुसती थयथयत होती. डॉक्टर घाईनं म्हणाले, "मिळालं. फुंका आता."

चिमणा फुंकेना. धापा टाकत म्हणाली, "आधी माझ्या आयेला सांगा. ढोंग न्हाय म्हणून."

डॉक्टर बयाबाईकडं वळले. "खरा रोग आहे हो. मुंबईला पाठवतोच."

मग चिमणानं मूठ तोंडाला लावली. पहिल्या फुंकेनं काही झालं नाही. दुसरीलाही नाही. तिसरीला सुई शांत झाली.

बयाबाई लेकीचे पाय धरून रडत बसली. चिमणानं तिला ऊठ म्हटलं नाही.