टेकडी दिसते तिथला ब्रेक

आमच्या टेस्ट ट्रॅकवरच्या गाड्या फार शहाण्या. धारजवळच्या त्या गुळगुळीत, रिकाम्या रस्त्यावर पुढच्या गाडीनं ब्रेक लावला की मागच्या गाडीतला निरोप्या डबा, म्हणजे गाड्यांचे निरोप देणारं-घेणारं यंत्र, लगेच 'टुक' करतो. बघायला आलेले पाहुणे टाळ्या वाजवतात. मला त्या टाळ्यांचा रागच येतो. अहो, जरा फाटकाबाहेर या ना! बाहेर लसणाची ट्रॉली चाललीय, तिला मागचा दिवासुद्धा नाही, डबा कुठला असणार? नालछा गावाच्या पुढे नेटवर्क गुल होतं, आणि 'समोर अडथळा आहे' हा निरोप अडथळा मागे पडल्यावर येतो. गाड्यांनी एकमेकींशी बोलायचं, वेळेत बोलायचं आणि खरं बोलायचं, हे कसं जमवायचं ते शोधणं हे माझं काम.

त्यासाठी आम्ही रोजच्या रस्त्यावर फिरणाऱ्या लोकांच्या गाड्यांत डबे बसवले. सगळ्यांत आधी तयार झाले ते माझे वडील. बाबा देवासला राहायचे, शाळेतून रिटायर झालेले गणिताचे मास्तर. "जन्मभर पोरांना शिकवलं, आता गाड्यांना शिकवणार," हे अख्ख्या कॉलनीला सांगून झालं.

"बाबा, तुम्ही काही शिकवायचं नाहीये. नेहमीसारखी गाडी चालवा, बस."

"अगं, मग तेच तर शिकतील!"

नेहमीसारखी म्हणजे दर रविवारी देवासहून धार आणि संध्याकाळी परत. धारला माझी आत्या, बाबांची थोरली बहीण. बाबा तिला अक्का म्हणायचे. तिची दृष्टी गेली होती. घरात सून, नातवंडं सगळी मायेची, पण हिंदी शाळेत शिकलेली. मराठी धडाधड बोलतील, वाचायला दिलं की गाडी पंक्चर. मीही त्यातलीच, उगाच कशाला मिजास करू! म्हणून बाबा तिला जुने दिवाळी अंक वाचून दाखवायचे. अक्का आठवडाभर गोष्टीचा धागा धरून बसायची. आई गेल्यापासून बाबांनाही त्या रविवाराखेरीज दुसरं काही उरलं नव्हतं.

परतताना क्षिप्रेचा पूल ओलांडला की एका ठिकाणी देवासची माताजींची टेकडी समोर दिसते. तिथं बाबा गाडी अगदी हळू करायचे आणि स्टिअरिंग सोडून हात जोडायचे. दोन्ही!

"बाबा, हात!" कधी सोबत असले की मी ओरडायचे.

"देवीला काय एका हातानं नमस्कार करतात?"

आता आमच्या डब्यांच्या दोन गोष्टी सांगते. एक, कुठली गाडी कोणाची हे आम्हालाही कळू नये, म्हणून गाडी थोड्या थोड्या वेळानं आपलं टोपणनाव बदलते. दुसरी, एकाच जागी गाडी वरचेवर हळू झाली तर तिथं काहीतरी धोका असणार असं धरून आमची यंत्रणा नकाशावर खूण करते आणि इतर गाड्यांना सावध करते. पुढे तिथं कोणी हळू होईनासं झालं, तर खूण आपोआप पुसली जाते. हा नियम मीच लिहिलेला.

एका सोमवारी माझा सरदारपूरचा सहकारी हसत हसत आला. "मॅडम, क्षिप्रा के आगे भूत बैठता है. सिर्फ इतवार की शाम को!" रस्ता मोकळा, खड्डा नाही, गतिरोधक नाही, आणि तरी आमचे डबे येणाऱ्याजाणाऱ्याला 'सावकाश' म्हणून सांगत होते. मला हसू आवरेना. टोपणनावं बदला नाहीतर काही करा, माणसाची खोड कशी लपणार! पण गाडी कोणाची ते कळू द्यायचं नाही हा नियम, म्हणून मी त्याला काही सांगितलं नाही.

तो गेल्यावर मात्र मी त्या खोडीचाच माग धरून त्या गाडीचे सगळे रविवार काढून बघितले, आणि माझं हसू जागच्या जागी मेलं. डबा 'टुक' करतो त्यानंतर ब्रेक लागेपर्यंतचा वेळ दर रविवारी वाढत चालला होता. इंदूरच्या गर्दीत तर एकदा ब्रेक लागला तो देवाच्याच कृपेनं. दुसऱ्या कोणाचं असतं तर मला कळलंही नसतं, आणि कळायला नकोच होतं. पण बाप होता माझा. मी सरळ देवासला गेले.

बाबांनी चहा केला होता. मी काही बोलायच्या आत म्हणाले, "काय दिसलं तुझ्या डब्याला?"

मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला.

"आलेख चढता आहे?"

"हो."

"मधे कुठं उतरतो?"

"नाही, बाबा."

त्यांनी मान हलवली. उठून खुंटीवरची किल्ली काढली आणि माझ्या पुढ्यात ठेवली. "मग अक्काला कोण वाचून दाखवणार?" एवढंच विचारलं. हेच विचारतील याची मला सगळ्यांत जास्त भीती वाटत होती.

"मी नेईन तुम्हाला."

आणि दर रविवारी नेत राहिले. बाबा शेजारी बसून हात जोडायचे. पहिल्यांदा मी तिथं गाडी हळू करायला लागले तर म्हणाले, "नको, मागे ट्रक आहे. त्याच्याकडे कुठं तुझा डबा?" त्यानंतर मी कधी हळू केली नाही. काही आठवड्यांनी सहकारी खूश होऊन सांगत आला, "मॅडम, भूत भाग गया!" खूण पुसली गेली होती.

थंडीत बाबा गेले. झोपेतच. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस, त्रास झाला नाही. मला झाला, त्याचं काय?

दिवसकार्य आटोपल्यावरच्या रविवारी मी त्यांचीच गाडी घेऊन एकटी धारला गेले. आत्या म्हणाली, "वाच." मी अर्धवट राहिलेली गोष्ट घेतली. जोडाक्षर आलं की अडखळत होते, ती न बघता सुधारत होती. पानभर झाल्यावर तिनं चाचपत माझा हात धरला.

"राहू दे गं बाई. तू वाचतेस तेव्हा तो नाही हे फार कळतं."

परतताना पूल ओलांडला. टेकडी दिसली. डबा गप्पच होता, त्याच्या लेखी तिथं काही नव्हतंच. पाय आपोआप ब्रेकवर गेला. मी गाडी अगदी हळू केली आणि दोन्ही हात जोडले. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून शिव्या घातल्या. मी ढसाढसा रडत होते.

सोमवारी सहकारी आला. बाबा गेल्याचं त्याला माहीत होतं, म्हणून आवाज हळू ठेवून बोलत होता.

"मॅडम, कल शाम को वो भूत एक बार फिर आया था. एक ही बार. क्या करूँ?"

मी पडद्याकडे बघितलं. मोकळा रस्ता, आणि त्यावर एकच बारीक ठिपका.

"मिटा दो, भिया," मी म्हटलं. "वहाँ कुछ नहीं है."