गुडघ्याची चौकशी

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं आणि मी मलेरिया खात्यात लागलो होतो. राहायला धाड गावात एक खोली, बुडाखाली सरकारी सायकल. काम असं की पंधरवड्याला आसपासच्या खेड्यांत घरोघर जाऊन विचारायचं, कोणाला ताप आहे का? असला की बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं, कडू गोळ्या द्यायच्या, भिंतीवर तारीख टाकायची आणि पुढं जायचं. असल्या माणसाला कोण 'या, बसा' म्हणणार! मला पाहिलं की पोरं गोठ्यात लपायची. माझं गाव लांब, मागं विचारणारं कोणी नाही. संध्याकाळी भाकरी थापताना मी स्वतःशीच मोठ्यानं बोलायचो. भांडायचोसुद्धा.

मग उजव्या गुडघ्यानं धरलं. वाटी नव्हे, बाहेरचं अंग, तिथल्या हाडाच्या उंचवट्यावर. निघताना काही नसायचं. दोन-तीन कोस झाले की पायडल मारताना कळ यायची. चढावर निभायचं, पण सायकल हातात धरून उतार उतरताना जीव जायचा. विसावा घेतला की सगळं गायब. सोंग करतोय असंच कोणालाही वाटावं.

पण नाही वाटलं! लंगडत गावात शिरलो आणि पहिल्याच ओट्यावरून हाक आली, "काय झालं बापू पायाले? बस, बस." कोणी एरंडाचं पान गरम करून बांधलं, कोणी निरगुडीचा पाला सांगितला, कोणी म्हणालं वात आहे, वांगं सोड. ज्याला त्याला औषध माहीत. गावाच्या शेवटच्या घरातल्या म्हातारीनं तर दिव्यावर बिब्बा तापवून त्याचं तेल गुडघ्याला टेकवलं. "हालू नको बे! दोन दिवसात पळते पाय दुखणं." दुखणं कुठलं पळतंय? बिब्बा उतला, हा टपोरा फोड आला. दुसऱ्या कोणाला मी शिव्या घातल्या असत्या. तिच्याकडे मात्र मी तो फोड दाखवायला गेलो. तिनं हळहळत खोबरेल लावलं, चहा पाजला. खरं सांगतो, गुडघा ठणकत होता आणि मी खूश होतो. आपण या लोकांचे कोणीतरी लागतो, असं मला वाटायला लागलं होतं.

पुढं पायच टाकवेना, तेव्हा सायकल मोटारीच्या टपावर टाकून बुलढाण्याला दवाखान्यात गेलो. डॉक्टरनं पायाआधी सायकल पाहिली. माझ्याआधी तिच्यावर कोणी उंच गडी होता, सीट त्याच्याच मापाची. पायडल गाठायला मी कंबर डावी-उजवी हलवत होतो आणि चवडे आत वळवत होतो. मांडीच्या बाहेरून गुडघ्याखाली उतरणारा पट्टा त्यामुळं हाडापाशी चेंगरतो, तो म्हणाला. सीट खाली घ्या, पाऊल सरळ ठेवा, गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा आणि पंधरवडाभर सायकलला हात लावू नका. शिवाय कुशीवर पडून पाय वर उचलायचा, कुल्ल्यात ताकद यावी म्हणून.

रजा मिळाली. भिंतीकडे तोंड करून पाय वर, पाय खाली. ही शिक्षा बिब्ब्यापेक्षा वाईट. बाजाराच्या दिवशी त्या खेड्यांतली माणसं माझ्या दारावरूनच जायची. मी दार सताड उघडून उंबऱ्यावर पाय पसरून बसलो. कोणीतरी विचारेलच की, गुडघा कसा हाय? माणसं मिरच्या, कांदे, दोर घेऊन गेली. एकानं तेवढा पाय आवरायला सांगितला. मी मनाची समजूत घातली, बाजाराच्या धांदलीत कोणाला सवड असते? गावात गेलो की विचारतील.

रजा संपली. सीट खाली घेतली होती, पाऊल सरळ होतं. गावापर्यंत पोचलो तरी कळ आली नाही. वाटेत मी चौकशीची उत्तरंच जुळवत होतो. गावात ताठ चालत शिरलो. ओट्यावरची माणसं नुसती पाहत राहिली. "आमच्या इथं ताप नाही कोणाले," एकानं लांबूनच सांगून टाकलं. प्रत्येक घरी तेच. शेवटी म्हातारीच्या दारात उभा राहिलो. ती तांदूळ निवडत होती, तिनं मान वर केली आणि परत खाली घातली. मला राहवलं नाही. म्हणालो, "आजी, माझा गुडघा बरा झाला."

"काऊन, काय झालतं गुडघ्याले?" ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न पाहता आत वळून ओरडली, "पोट्टेहो, सुईवाला आला रे!"